नैराश्यात हात का थांबतात: घरच्यांनी काय पाहावं, कसं लिहावं, डॉक्टरांना कसं सांगावं

मानसोपचारतज्ज्ञासमोर बसल्यावर घरची माणसं बहुतेक वेळा आपलं मत सांगतात. "काहीच करत नाहीत, नुसते बसून असतात." "मुद्दाम लक्ष देत नाही." "अंगात आळस भरलाय." यातून डॉक्टरांना एवढंच कळतं, की घर थकलंय. त्यांना हवं असतं ते वेगळंच. विचारल्यावर उत्तर यायला किती वेळ लागतो? बोलताना हात उठतात का? दोन कामं सांगितली तर दुसरं लक्षात राहतं का? आणि मुख्य म्हणजे, हे सगळं आधी कसं होतं?

मेजर डिप्रेशनचं, म्हणजे नैराश्याच्या आजाराचं, निदान करताना किमान दोन आठवड्यांतली लक्षणं पाहतात. त्यात हालचाल आणि बोलणं मंदावणं, किंवा उलट अस्वस्थ चुळबुळ, हे एक लक्षण आहे. त्याची अट अशी की ते दुसऱ्या माणसाच्या नजरेला दिसलं पाहिजे. "मला जड वाटतं" एवढ्यावर ते धरत नाहीत. लक्ष न लागणं, विचार न सुचणं, साधा निर्णय न होणं हे दुसरं लक्षण. ते रुग्णाने सांगितलं तरी चालतं, घरच्यांनी पाहिलं तरी चालतं. म्हणजे तुमच्या डोळ्यांना इथे खरोखर काम आहे. ते नीट कसं करायचं, यासाठी हा लेख आहे. निदान मात्र डॉक्टरांवरच सोडायचं.

आधी हे वाचा: मरणाची भाषा, निरवानिरव, जवळच्या वस्तू वाटून टाकणं, खाणंपिणं पूर्ण बंद होणं, तासन्‌तास एकाच जागी न हलता, न बोलता बसणं, यातलं काही असेल तर वही आणायला जाऊ नका. माणसाला एकटं सोडू नका. कोल्हापुरात असाल तर थेट सीपीआर रुग्णालयाच्या, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्याच्या, तातडीच्या विभागात, नाहीतर जवळच्या रुग्णालयात न्या. गाडीसाठी १०८. बोलून सल्ला हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक.

## टप्पा १: कोणते हात पाहायचे ते ठरवा

'हातवारे' म्हटलं की सगळं एकत्र धरलं जातं आणि तिथेच पहिली चूक होते. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिजन या मानसशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये अशा हालचालींची जी वर्गवारी केली, तिच्यातले तीन प्रकार आपल्याला पुरेसे आहेत.

पहिला प्रकार बोलण्याबरोबर आपोआप उठणाऱ्या हातांचा. "एवढा मोठा फणस" म्हणताना हात पसरतात, रस्ता सांगताना बोट वळतं, मुद्दा ठासताना तळवा खाली आपटतो. दुसरा प्रकार ठरलेल्या खुणांचा: नमस्कार, 'नको' म्हणून हलवलेला हात, 'पाणी' म्हणून तोंडाकडे नेलेला अंगठा. तिसरा, स्वतःलाच केलेला स्पर्श: बोटं चोळणं, पदराचं टोक पिळणं, कपाळ घासणं, नखं खुडणं.

नैराश्यात घटतो तो बहुधा पहिला प्रकार. दुसरा टिकून राहतो, म्हणून पाहुणा आला की माणूस नमस्कार करतो आणि घरचे म्हणतात, "बघा, हात तर हलतात की." तिसरा कधीकधी वाढतो, विशेषतः आतून घालमेल असेल तर. तिन्ही एकत्र मोजले तर बदल दिसतच नाही.

पहिल्या प्रकाराचे हात का थांबतात? हे हात बोलून झाल्यावर चिकटवलेली सजावट नसतात. विचार शब्दांत उतरत असतानाच ते उठतात. डेव्हिड मॅकनील यांच्यासारख्या अभ्यासकांनी बोलणं आणि हातवारे ही एकच व्यवस्था मानली आहे, ती याच कारणाने. नैराश्यात विचारांचा वेग मंदावतो, एका वेळी मनात धरता येणाऱ्या गोष्टी कमी होतात, वाक्यं तुटक होतात, हालचाल सुरू करणंच जड जातं. त्या सगळ्याचा परिणाम हातांवर होतो. त्यामुळे हात आणि डोकं वेगवेगळं पाहू नका, एकाच वेळी पाहा.

ताकीद: हात कमी हलले म्हणजे नैराश्य, असं समीकरण नाही. आणि हात भरपूर हलले म्हणून नैराश्य नाही, असंही नाही.

## टप्पा २: मूळचा माणूस कागदावर उतरवा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात आणि माझ्या मते हाच सगळ्यांत मोलाचा आहे. आजचं निरीक्षण लिहिण्याआधी, आजारपणाच्या आधी हा माणूस कसा बोलायचा ते लिहा.

तालमीतला वस्ताद धोबीपछाड समजावून सांगताना कधी हात मांडीवर ठेवून बसेल का? गुऱ्हाळावर आयुष्य काढलेला माणूस काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे सांगताना बोटांनी तार काढून दाखवतोच. असा माणूस आज "झालं की उतरवायचं" एवढंच म्हणून गप्प बसला, तर तो मोठा बदल आहे. उलट एखादी आक्का जन्मभर हात पदराखाली धरून हळू आवाजात बोलत आली असेल, तर आज तिचे हात दिसत नाहीत यात नवं काही नाही. तिच्या बाबतीत उत्तराआधीचा थांबा किंवा अर्ध्यात सुटलेलं वाक्य जास्त सांगून जाईल.

आठवणीवर भरवसा ठेवू नका. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या लग्नाचा, बारशाचा, गणपतीतला व्हिडिओ शोधा, ज्यात हा माणूस सहज बोलतोय. दोनदा पाहा: एकदा आवाज बंद करून फक्त हात, मान आणि चेहरा, एकदा डोळे मिटून फक्त बोलणं. मग चार ओळी लिहा.

तपासा: तुम्ही लिहिलेल्या ओळींत भावाशी, शेजाऱ्याशी किंवा "माणसानं कसं असावं" याच्याशी तुलना आली आहे का? आली असेल तर खोडा. तुलना त्या माणसाची त्याच्याशीच.

## टप्पा ३: दुसरी कारणं आधी नोंदवा

हात आणि डोकं मंदावण्याची इतर पुष्कळ कारणं असतात. ती शोधून काढणं तुमचं काम नाही, पण माहिती तुमच्याकडेच असते.

- खांदा: मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त. हात वर जातच नसेल तर हातवारे कुठून येणार? "केस विंचरताना दुखतं का?" एवढं विचारा.
- गोळ्या: झोपेच्या, चिंतेच्या, काही मानसिक आजारांच्या गोळ्यांनी हालचाल आणि विचार दोन्ही मंदावू शकतात. नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लिहा. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या गोळ्याही लिहा. दारू आणि तंबाखूसुद्धा, न लाजता.
- थायरॉइड, बी-१२, रक्तातलं लोह: जुने रिपोर्ट असतील तर काढून ठेवा.
- ऐकू येणं: प्रश्न नीट ऐकूच आला नाही तर उत्तराला उशीर होणारच.
- पार्किन्सन: चालताना एकाच बाजूचा हात झुलत नाही, हात स्वस्थ असताना कापतो, अक्षर बारीक होत गेलं, चेहरा भावहीन झाला, तर हे वेगळं आणि ठळक लिहा.

ताकीद: एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं एकाएकी अडखळलं तर तो पक्षाघात असू शकतो. त्या क्षणी रुग्णालय गाठा.

## टप्पा ४: वेळ, जागा आणि विषय निवडा

काही प्रकारच्या नैराश्यात सकाळ फार जड जाते आणि संध्याकाळी माणूस थोडा मोकळा होतो. एक जण सकाळी पाहतो, दुसरा संध्याकाळी, आणि मग घरात भांडण: "माझ्याशी तर बरे बोलले!" दोघांचंही खरं असतं. म्हणून दिवसातल्या दोन ठरावीक वेळा धरा आणि प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहा.

हात मोकळे असले पाहिजेत. चहाचा कप, मोबाइल, जपमाळ, निवडायची भाजी, मांडीवर नातवंड, यातलं काही हातात असेल तर ती नोंद हातांसाठी धरू नका. थंडीत शालीत गुंडाळून बसलेल्या माणसाचीही नाही.

विषय असा हवा ज्यात हातांना वाव आहे. "जेवलात का?" याला "हो" पुरतं, तिथे कुणाचेच हात हलत नाहीत. त्यापेक्षा विचारा: बिंदू चौकातून रंकाळ्याला जायला जवळचा रस्ता कोणता? पांढरा रस्सा फुटू नये म्हणून तुम्ही काय करता? शेताचा बांध कुठून कुठे जातो? रस्ता, आकार, कृती आणि क्रम सांगताना हात सगळ्यांत जास्त लागतात.

परीक्षा घेतल्यासारखं करू नका. रोज तोच प्रश्न विचारलात तर तिसऱ्या दिवशी माणूस तुमचा हेतू ओळखेल आणि आणखी मिटून बसेल. आपणहून चाललेल्या बोलण्यात एखादा प्रश्न टाका, उत्तर आलं नाही तर सोडून द्या.

## टप्पा ५: दिसलं तेवढंच लिहा

साधारण दोन आठवड्यांच्या नोंदी पुरतात. डॉक्टरांची वेळ त्याआधी मिळत असेल तर थांबू नका, असतील तेवढ्या नोंदी घेऊन जा. पाच गोष्टी लिहायच्या:

1. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा थांबा. मनातल्या मनात सेकंद मोजा, घड्याळ समोर धरू नका.
2. बोलण्याबरोबरचे हात: नेहमीसारखे, कमी, की अजिबात नाहीत.
3. स्वतःला स्पर्श: काय आणि साधारण किती वेळ.
4. आवाज, नजर, मान: आवाज वाक्याच्या शेवटी विरतो का, नजर जमिनीवर असते का, ऐकताना मान हलते का.
5. धागा: वाक्य पूर्ण होतं का, काय बोलत होतो ते मधेच सुटतं का.

चुकीची नोंद अशी असते: "आज पण मूड नव्हता. उत्तर द्यायची इच्छा नव्हती." इच्छा तुम्हाला दिसली का?

बरोबर नोंद अशी: "मंगळवार, सकाळी ८. सोप्यात बसले होते, हात मोकळे. पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर कसा लावायचा विचारलं. ७-८ सेकंदांनी बोलायला लागले. दोन्ही हात मांडीवरच, आधी बटणं दाबून दाखवायचे. उजव्या अंगठ्याने बोट सतत चोळत होते. 'मग ते...' म्हणून थांबले, पुढे बोलले नाहीत."

ही नोंद वाचताना डॉक्टरांना माणूस डोळ्यांसमोर दिसतो.

ताकीद: लपून व्हिडिओ काढू नका. डॉक्टरांना दाखवायला हवा असेल तर सरळ विचारा, आणि 'नको' म्हटलं तर नको. काढलेला व्हिडिओ घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आजाराची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. दवाखान्यात तो पाळला जावा असं आपल्याला वाटतं, मग घरातही तो पाळायला हवा.

## टप्पा ६: डोक्याचं काम रोजच्या कामात पाहा

मोबाइलवरच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घरी देऊ नका. घड्याळाचं चित्र काढायला लावणं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगणं हेही नको. हे प्रकार डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ करून घेतात. घरी सराव झाला तर त्यांचा निकाल बिघडतो, आणि घरच्यांसमोर चुकलेला माणूस आणखी खचतो.

त्याऐवजी चालू कामं पाहा. दूध आणि कोथिंबीर आणायला सांगितली तर दोन्ही येतात का? पेपरातली बातमी शेवटपर्यंत वाचली जाते का, की तीच ओळ पुन्हा पुन्हा? वांगी की गवार, एवढं ठरवायला किती वेळ जातो? रोजचा स्वयंपाक करणारी बाई फोडणी टाकून मधेच थांबते का?

चूक दिसली की तिचा प्रकार ओळखायचा प्रयत्न करा. सांगितलेलं कानावर पडलं, पण मनात शिरलंच नाही, की शिरलं आणि नंतर गेलं? की सगळं लक्षात आहे, पण उठायला जमत नाही? घरात तिन्हींना 'विसरतात' म्हणतात. फरक कळण्याचा एक साधा उपाय: थोडी आठवण करून द्या. "आणखी काहीतरी हिरवं आणायचं होतं..." एवढ्यावर कोथिंबीर आठवली, तर ती माहिती आत होती. हे लिहा.

साठीपुढच्या माणसांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण नैराश्यातलं मंदावणं पुष्कळदा 'वयाचा विसर' म्हणून सोडून दिलं जातं. नैराश्यात बहुधा बदल काही आठवड्यांत जाणवतो, सुरुवात कधी झाली हे घरच्यांना सांगता येतं, माणूस स्वतःच "माझं डोकं चालेना" म्हणून तक्रार करतो आणि प्रश्नाला "माहीत नाही" म्हणून सोडून देतो. स्मृतिभ्रंशात सुरुवात बहुधा हळूहळू होते आणि माणूस चूक झाकायला काहीतरी उत्तर देतो. पण हे ढोबळ आहे. दोन्ही आजार एकत्र असू शकतात. तुम्ही फक्त तारखा आणि प्रसंग द्या.

## टप्पा ७: एका पानात मांडा आणि डॉक्टरांसमोर गप्प बसायला शिका

सरकारी ओपीडीत गर्दी असते. वही पुढे केली तर ती वाचायला वेळ मिळणार नाही. एक पान करा, या क्रमाने: बदल कधीपासून, मूळचा माणूस दोन ओळींत, हात आणि बोलण्यातला बदल, दोन ठळक नोंदी, कामातल्या अडचणी, दोन प्रसंग, झोप, भूक, वजन, सगळी औषधं, घराण्यात कुणाला असा आजार, आणि मरणाचे विचार बोलून दाखवले असतील तर त्यांचेच शब्द. शेवटची बाब लपवू नका. वही सोबत ठेवा, मागितली तर द्या. जुने केसपेपर आणि रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा.

आता सगळ्यांत कठीण भाग. डॉक्टर रुग्णाला प्रश्न विचारतात, चार सेकंद जातात आणि शेजारून मुलगा उत्तर देतो. तो थांबा पाहणं हा तपासणीचाच भाग असतो, तुम्ही तो पुसून टाकता. रुग्णाचं बोलणं संपेपर्यंत थांबा. तुमचं पान नंतर द्या. आणि "हे असे बसतात बघा" म्हणून त्यांच्यासमोर त्यांची नक्कल कधीही करू नका.

काही ठिकाणी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी भरून घेतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. सातवा प्रश्न लक्ष लागण्याबद्दल, आठवा इतरांच्या लक्षात येईल इतकं मंदावण्याबद्दल किंवा अस्वस्थतेबद्दल, नववा मरणाच्या विचारांबद्दल. आठव्याला माणूस हमखास अडतो, कारण लोकांना काय दिसतं हे त्याला कसं कळणार? त्याने विचारलं तर तुमची नोंद वाचून दाखवा. गुण त्यालाच ठरवू द्या.

## टप्पा ८: घरी बोलायची रीत बदला

उपचार सुरू झाले की लगेच फरक पडत नाही. तोवर मंदावलेल्या विचाराला पेलेल असं बोलणं हे घरचं काम.

एका वेळी एकच प्रश्न. विचारलात की थांबा, दहा सेकंदसुद्धा. तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा टाकू नका, कारण त्यांच्यासाठी तो दुसरा प्रश्न होतो आणि पहिल्याची जुळणी मोडते. "काय करू खायला?" हे जड जातं, "आण्णा, भाकरी की भात?" हे जमतं.

नैराश्यात आठवणी मोघम होतात. "गेला आठवडा कसा गेला?" याला "वाईटच" हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी एक जागा, एक वेळ धरा: "काल संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेला होता, तिथं कोण भेटलं?" उत्तर लहान आलं तरी ते नेमकं असतं.

तुम्ही स्वतः बोलताना हात वापरा. डावी-उजवी दाखवा, गोळ्या टेबलावर क्रमाने मांडून दाखवा. ऐकणाऱ्याला सगळा भार शब्दांवर घ्यावा लागत नाही. पण "हात हलवून बोला की जरा" असं म्हणू नका. थांबलेले हात हा आजाराचा परिणाम आहे, त्यांना ओढून आजार हलत नाही.

काम देताना तुकडा द्या. "अंघोळ उरका" यात सात-आठ कामं दडलेली असतात. "टॉवेल घेऊन या" हे एक काम आहे.

## टप्पा ९: औषध सुरू झाल्यावर पुन्हा पाहा

नैराश्याच्या औषधांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. दर आठवड्याला एकदा, त्याच वेळी, त्याच पाच गोष्टी लिहा.

सगळ्यांत मोठी ताकीद: काही जणांत अंगातली हालचाल आधी सुधारते आणि मनातली निराशा मागून. हात हलायला लागले, माणूस उठून फिरायला लागला, की घरचे निर्धास्त होतात. नेमक्या त्या आठवड्यांत जास्त जपायचं असतं, कारण मरणाचा विचार शिल्लक असतो आणि तो अमलात आणायची ताकद परत आलेली असते. शेतावरचं कीटकनाशक कुलपात ठेवा, चावी दुसऱ्याकडे द्या. घरातल्या सगळ्या गोळ्या एकाने सांभाळा. मरणाबद्दल स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

नव्याने हात कापणं, अंग आखडणं, एका जागी बसवतच नाही अशी तगमग, हे दिसलं तर ते औषधाचं असू शकतं. पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. गोळी मनाने बंद करू नका, कमी-जास्तही करू नका.

आणि मन उजळल्यावरही काही जणांचं लक्ष, वेग आणि निर्णयशक्ती मागे रेंगाळते. चेहरा हसतोय म्हणून लगेच दुकानाचा गल्ला, सोसायटीचा हिशेब किंवा ट्रॅक्टरची चावी हातात देऊ नका. आधी अर्धा दिवस, ओळखीचं काम, शेजारी कुणीतरी. ते आठवडाभर नीट झालं की पुढचं. बदल हातांत दिसतो, पण कामात अजून चुका होतात, असं असेल तर तेही पानावर लिहा आणि पुढच्या भेटीत पहिल्यांदा तेच सांगा, कारण "आता बरे आहेत" एवढं ऐकलं तर डॉक्टर हा प्रश्न विचारणारच नाहीत.